नखाएवढ्या चकतीतले बांध

"दिसलं! काय सुंदर आहे गं!" असं मी म्हणालो आणि तिथेच फसलो.

दिसलं काहीच नव्हतं. सूक्ष्मदर्शकाच्या नळीला डोळा लावल्यावर मला दिसला तो फिकट पिवळा, एकसारखा, रिकामा उजेड. गोडं वरण वाढलेल्या वाटीत वरून डोकावावं तसा. पण बायको खांद्याला खांदा लावून उभी होती, श्वास रोखून माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि अशा वेळी नवऱ्याने काय म्हणायचं असतं हे इतक्या वर्षांत माझ्या जिभेला पाठ झालंय. साडी असो, नवे पडदे असोत, भाचीच्या लग्नातले फोटो असोत, माझी जीभ माझ्यासाठी थांबत नाही.

"काय दिसलं?" तिने विचारलं.

बायको कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते, हे मी नेमका ऐन वेळी विसरतो.

"हेच की. आपलं... गोल."

"गोल?"

"गोलसर."

"रंग?"

"पिवळा."

"आणि?"

"आणि... पिवळाच."

तिने मला कोपराने बाजूला सारलं आणि स्वतः डोळा लावला. "अहो, एवढे ढळढळीत पट्टे समोर आहेत आणि तुम्हाला नुसतं पिवळं दिसतंय? बघा परत." मी परत बघितलं. परत वरण. तिने परत बघितलं, तिला परत पट्टे. तोंडी परीक्षेत नापास होऊ घातलेल्या मुलाकडे ती कशी बघत असेल, हे मला त्या दिवशी प्रथमच कळलं.

गंमत म्हणजे ते पट्टे मी पाहिले कधीच नव्हते, पण ऐकत आलो होतो लग्न झाल्यापासून.

लग्नाआधी ती पुण्याला एमएस्सी करत होती. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी तिच्या सरांनी तिला एक चकती दिली. पारदर्शक, नखाएवढी, आणि तिच्यावर गार्नेट नावाच्या पदार्थाचा थर, केसाच्या जाडीहून कितीतरी पातळ. त्या थरात म्हणे असंख्य बारीक बारीक चुंबक असतात. निम्म्यांचं तोंड वर, निम्म्यांचं खाली. सारख्या तोंडाचे सारख्यांना धरून राहतात, त्यामुळे थरात नागमोडी पट्टे पडतात. एक वरच्या तोंडाचा, शेजारचा खालच्या. आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये असते ती भिंत.

भिंत हा तिचा शब्द. मला तो काही पटला नाही. भिंतीला विटा लागतात, सिमेंट लागतं. इथे तसं काहीच नाही. एका बाजूची तोंडं वळत वळत दुसऱ्या बाजूची होतात, ती वळायची जागा म्हणजे भिंत. मी आपला त्याला बांध म्हणायचो, दोन वावरांमधला. कारण पुढे जे होतं ते हुबेहूब आमच्या गावाकडच्यासारखं. बाहेरून चुंबक जवळ आणला की एका बाजूचा शेजारी बांध कोरायला लागतो. याचं वावर फुगतं, त्याचं आक्रसतं. आक्रसता आक्रसता लांबलचक पट्ट्याचा नुसता एक गोल थेंब उरतो. चुंबक आणखी जवळ आणला की थेंबसुद्धा जातो, सगळं रान एकाचंच. तलाठ्याकडे जायचीही सोय नाही.

"बांध नाही हो, भिंत," ती म्हणायची. "शास्त्रात भिंतच म्हणतात."

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत तिने दारात गेरू सारवला आणि त्यावर ठिपके न मांडता सरळ चिमटीने पांढरे पट्टे सोडायला सुरुवात केली. वळतायत, फाटे फुटतायत, पण एकमेकांना कुठे शिवत नाहीत, आणि सगळ्यांची रुंदी एकसारखी. माझी आई बाहेर येऊन बराच वेळ बघत राहिली.

"ही कुठली गं रांगोळी? तुमच्याकडची का?"

"हो आई," ती मान वर न करता म्हणाली. "आमच्याकडची."

मी पायरीवर चहा घेऊन बसलो होतो. ती त्या पट्ट्यांकडे ज्या नजरेने बघत होती, ती बघून मला वाटलं, आपल्याकडे असं कोणी कधी बघेल का? नवीन लग्न होतं, आशेला जागा होती. पुढे संसारात पडल्यावर कळलं की तशी नजर सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. मी तिच्यासमोर पोटऱ्या दुखेपर्यंत उभा राहिलो तरी ती फार तर विचारते, "काय हवंय?"

तिला पुढे संशोधनच करायचं होतं. पण सरांचा तो प्रकल्प बंद झाला, सर दुसऱ्या राज्यात गेले, आणि हिला नाशिकला नोकरी लागली. निघताना सरांनी त्या चकतीचा कडेने टवका उडालेला एक तुकडा तिला दिला. तो आमच्या कपाटाच्या लॉकरमध्ये, सोनाराकडच्या गुलाबी कागदात, छोट्या डबीत असतो. माझ्या बहिणीची अजूनही समजूत आहे की त्या डबीत वहिनीची माहेरची नथ आहे आणि ती मुद्दाम कुणाला दाखवत नाही.

कधीमधी लॉकर उघडला की बायको तो तुकडा चिमट्यात धरून खिडकीच्या उजेडात बघायची. नुसत्या डोळ्यांना त्यात काही दिसत नाही. चहात बुडवून काढल्यासारखी एक काच, बस. पट्टे बघायला वेगळ्या तऱ्हेचा सूक्ष्मदर्शक लागतो, दगड तपासणाऱ्यांकडे असतो तो. त्यात उजेड एका खास गाळणीतून खाली सोडतात आणि वर पुन्हा गाळतात. आणि तसा सूक्ष्मदर्शक तिच्याच कॉलेजात होता. भूगर्भशास्त्र विभागात. भौतिकशास्त्राच्या बरोबर एक मजला खाली.

"मग जाऊन बघत का नाहीस?" मी पूर्वी एकदा विचारलं होतं.

"त्यांच्या मुलांची प्रॅक्टिकल्स असतात."

"सुट्टीत जा."

"जाऊन काय सांगू? मला पट्टे बघायचेत?"

नंतर पेपर तपासणं आलं, मुलीची बारावी आली, माझ्या वडिलांचं आजारपण आलं. डबी लॉकरमध्ये, सूक्ष्मदर्शक खाली, ही वर. एक मजला उतरायचं राहून गेलं ते गेलंच.

या उन्हाळ्यात ती एका संध्याकाळी दुधी किसता किसता म्हणाली, "भूगर्भशास्त्र बंद करतायत. मुलंच येत नाहीत. सामान मनमाडकडच्या कॉलेजला जाणार. सोमवारी सकाळी टेम्पो."

किसणी थांबली नाही. पण मी तिला ओळखतो, निदान किसणीच्या आवाजावरून तरी ओळखतो.

"सूक्ष्मदर्शकसुद्धा?"

"तो तर आधी."

"शनिवारी जाऊ," मी म्हणालो. मी सातपूरला एका कारखान्याच्या डिस्पॅचमध्ये आहे, आम्हाला सुट्टी शनिवारची. "मी सोडतो तुला."

"सोडायला काय, मी जाईन माझी."

"मलाही बघायचंय."

आता किसणी थांबली. "तुम्हाला? कशाला?"

या प्रश्नाचं खरं उत्तर असं होतं की, दिवाळीच्या त्या सकाळपासून मला ती नजर कशासाठी होती ते बघायचं होतं. पण दुधी किसणाऱ्या बाईला असं काही सांगता येत नाही. मी म्हणालो, "सहज."

शनिवारी दुपारी मी पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, मनगटाची बटणं लावून तयार झालो. बाहेर रस्त्याचं डांबर मऊ झालेलं.

"मे महिन्यात पूर्ण बाह्या?"

"ऊन आहे ना."

खरं कारण ऊन नव्हतं. ते काय होतं हे पुढे येतंच.

कॉलेजात सुट्टीचा शुकशुकाट होता. विभागाच्या परिचराने दार उघडून दिलं. तो माझ्याहून चांगला लहान आहे, दिंडोरीकडचा, पण कॉलेजातले सगळे त्याला मामा म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. आत फळ्या रिकाम्या झाल्या होत्या. दगड वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात भरलेले, भिंतीवर नकाशांच्या जागी फक्त फिके चौकोन. मधल्या टेबलावर तेवढा तो सूक्ष्मदर्शक अजून उघडा होता.

"मॅडम, याचं खोकं शेवटी बांधतो. तुमचं होऊ द्या निवांत," मामा म्हणाला.

तिने डबी उघडली. तुकडा काचेवर ठेवला, दिवा लावला, वरची गाळणी फिरवली, डोळा लावला. मग म्हणाली, "आहेत."

आणि जरा थांबून, "अजून आहेत."

मामाने बघितलं. तो एका डोळ्याने, दुसरा हाताने झाकून बघत होता. "आयला मॅडम, लय भारी! टमाट्याच्या पानात नागअळी फिरली की कशी पांढरी वळणं पडतात, तस्संच हाय."

"अगदी तसंच," ती म्हणाली. इतकी खूश झाली की तिने त्याला परत बघायला लावलं.

मग माझी पाळी आली, आणि 'काय सुंदर आहे गं' झालं.

"सरांचा नंबर वाढला असंल," मामा माझ्या बाजूने बोलला.

"नंबर नाही, लक्ष नसतं यांचं," बायको म्हणाली, आणि मला सोडून ती मुख्य कामाला लागली.

मुख्य काम म्हणजे थेंब. पट्टे दिसणं ही नुसती सुरुवात. तिला बघायचं होतं ते त्यांचं हलणं. चुंबकाचा जोर चढत गेला की ते कसे मागे हटतात, कसे गोळा होतात, आणि जोर काढला की कसे परत येतात. पुण्याला अख्खा हिवाळा तिने तेच बघत काढला होता. त्यासाठी तिने वरच्या प्रयोगशाळेतून तारेचं एक वेटोळं आणि वीज सोडायची पेटी आणली होती. वेटोळ्यातून वीज गेली की त्याचा चुंबक होतो, एवढं मलाही शाळेपासून माहीत आहे. तिने बटण हळूहळू फिरवलं.

"सरकतायत," ती म्हणाली. "थोडेसेच. अजून जोर पाहिजे." बटण आणखी फिरलं. "अजून पाहिजे."

"मॅडम, वास येतोय," मामा म्हणाला.

वेटोळ्यातून धुराची एक बारीक रेघ निघाली आणि पेटीवरचा दिवा गेला. मुलांच्या प्रयोगांसाठीचं वेटोळं ते, त्याला एवढ्या जोराची सवय नव्हती. वरच्या प्रयोगशाळेतले साधे चुंबक कपाटात होते, आणि कपाटाची किल्ली गावाला गेलेल्या सहकाऱ्याकडे. खालच्या विभागातही एक चुंबक होता, दगडातलं लोह ओळखायचा, पण तो कुठल्या खोक्यात गेला हे मामाला सांगता येईना. त्याने दोन खोकी उघडलीसुद्धा. दगडच निघाले.

ती स्टुलावर बसली. पदराने चष्मा पुसला, परत घातला.

"जाऊ द्या मामा. पट्टे तर दिसले." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "थेंब बघायचे होते हो एकदा."

मी तिला नोकरीतल्या कटकटींवर रागावलेली पाहिलंय, मुलगी शिकायला बंगळूरला गेली तेव्हा रडताना पाहिलंय. पण काही मागताना फारसं पाहिलेलं नाही. आणि ज्याच्याकडे मागावं असं तिथे कोणी नव्हतं. मी होतो, पण माझी ख्याती तिला ठाऊक होती. नवरा म्हणून काहीतरी करायचं म्हणून मी म्हणालो, "निदान मला पट्टे तरी दाखव. नीट समजावून."

"या," ती उठली. "आधी मी नीट लावून देते, मग तुम्ही बघा."

ती डोळा लावून वाकली. मीही तयारीत शेजारी वाकलो. मला कुठेही वाकून बघायचं म्हटलं की काहीतरी धरल्याशिवाय तोल सांभाळत नाही. डावा हात आपोआप पुढे गेला आणि ज्या पाटावर काच ठेवतात त्या पाटाची कड धरून राहिला. मघाशीही त्याने तेच केलं असणार.

"अगं बाई!" ती केवढ्यांदा ओरडली. "हलू नका!"

मी हललो.

"गेले! काय केलंत तुम्ही आता?"

"काहीच नाही. हात काढला."

"ठेवा. होता तिथे ठेवा." मी ठेवला. "थोडा अलीकडे. नाही, लांब करा. आणा परत." तिचा डोळा नळीला चिकटलेला, आवाज मात्र वेगळाच, मुलीसारखा. "थेंब! अहो, थेंब आहेत! तुमच्या हाताला काय आहे?"

"घाम," मी म्हणालो.

तिने डोळा काढला आणि माझ्या मनगटाकडे बघितलं. "बाही वर करा."

आता सांगायलाच हवं. मागच्या हिवाळ्यात गंगापूर रोडच्या एका प्रदर्शनातून मी एक चुंबकीय कडं घेतलं होतं. आतल्या बाजूने टपोरे चुंबक बसवलेलं. मानदुखी जाते, रक्त सळसळतं, असं विकणाऱ्याने सांगितलं, आणि डिस्पॅचमधल्या एकाची मान दुखायची खरोखर थांबली होती. घरी दाखवायची सोय नव्हती. हिच्या दिंडोरीच्या भावाने द्राक्षबागेच्या पाण्याच्या पाइपवर क्षार जावेत म्हणून चुंबक बसवले होते, तर हिने त्याला भर साखरपुड्यात, जेवणाच्या पंगतीत, चुंबकाने काय होतं आणि काय होत नाही यावर असं सुनावलं की त्याची जिलेबी ताटातच राहिली. मी तेव्हा मान डोलवत होतो, म्हणजे दुखत होती तेवढी डोलवत होतो. त्यामुळे कडं बाहीखाली गेलं. मग ते इतकं घट्ट बसलं की साबण लावल्याशिवाय निघेना, आणि मी मे महिन्यात पूर्ण बाह्या घालू लागलो.

मी बटण काढून बाही वर केली. मामा खोक्यात तोंड घालून दगड मोजायला लागला.

बायको बघत राहिली. मी मनाने त्या पंगतीत जाऊन बसलो.

"मान दुखते गं," मी म्हणालो.

"चुंबक सगळीकडून आहेत का एकाच बाजूने?"

"आतून. चांगले मोठे आहेत," मी मालाचं कौतुक केल्यासारखं बोललो. "काढायला साबण लागेल. मामांना विचारतो."

"काढू नका. वेळ जाईल."

आणि तिने माझं मनगट धरलं. स्टुलावर बसली, डोळा लावला, आणि दोन्ही हातांनी माझा हात त्या पाटाजवळ न्यायला, मागे आणायला लागली. एखाद्या यंत्राची दांडी धरावी तसा, पण यंत्राची दांडी कोणी इतकी जपून धरत नाही.

"आता बांध सरकतायत," ती म्हणाली. बांध म्हणाली. तिच्या लक्षातही आलं नाही. "हे बघा, टोकाकडून आखडतोय पट्टा. आखडला... आखडला... झाला थेंब. दुसरा झाला. सगळीकडे झाले, मोहरी सांडल्यासारखे. आता अजून जवळ. गेले. सगळे गेले. मघाशी तुम्हाला हेच दिसत होतं बरं का, पिवळं. खोटं नव्हता बोलत तुम्ही."

"सुंदर म्हणालो ते खोटं होतं."

"ते सोडा. हात सैल ठेवा."

मी टेबलावर अर्धा ओणवा होतो. ज्या मानेसाठी कडं घेतलं ती मान त्या दुपारी जन्मात दुखली नसेल अशी दुखत होती. पण हलायचं मनात आलं नाही. माझा हात तिने असा शेवटचा कधी धरला होता ते आठवत होतो. मुलीच्या जन्माच्या वेळी दवाखान्यात धरला होता, पण तो चावायच्या बेतात. हे तसं नव्हतं. तिचा डोळा नळीत होता, माझ्याकडे नव्हता. तरी तिच्या गालाच्या कडेवरून मला दिसत होतं, दारातल्या त्या रांगोळीवर वाकलेली असताना दिसलं होतं तेच.

"आता तुम्ही," ती एकदम उठली. "हात पाठीमागे न्या. पूर्ण मागे."

शाळेत शिक्षा झाल्यासारखा डावा हात पाठीमागे धरून मी वाकलो. आणि मला दिसले. पिवळे आणि तपकिरी, वळत गेलेले, एकमेकांत शिरून एकमेकांना न शिवणारे, कुठे सुरू होतात नि कुठे संपतात कळू नये असे. जीभ या वेळी माझ्यासाठी थांबली.

मागून तिने माझा हात धरून सावकाश पुढे आणला. पट्टे चोरपावलांनी मागे सरले, गोळा झाले, थेंब झाले, विझले. पिवळं रान. मग तिने हात तसाच सावकाश मागे नेला, आणि जिथे तुकड्याचा टवका उडालाय तिथून पहिला पट्टा आत शिरला. मग दुसरा. बघता बघता सगळं रान भरलं.

"हे मघाचेच का?" मी विचारलं.

"मघाचे नाहीत येत. रुंदी तेवढीच येते, वाटा दुसऱ्या."

"म्हणजे पुण्याला तू बघितलेले..."

"ते तिथेच गेले. एक रात्रभर बसून मी ते कागदावर उतरवले होते. वेडीच होते." ती हसली. "परत करा, मला बघू दे."

असं किती वेळ चाललं मला सांगता येणार नाही. मामाने खोकी बांधली, खिडक्या लावल्या, आणि शेवटी दाराशी उभा राहून उगाच खोकला. तिने दिवा बंद केला. तुकडा गुलाबी कागदात घातला. सूक्ष्मदर्शकावर स्वतः कापड घातलं आणि कापडाच्या कडा खाली नीट दाबून घेतल्या. मामाने ते उचलून खोक्यात ठेवलं तेव्हा ती खिडकीच्या बंद काचेतून बाहेर बघत होती, जिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

परतताना आम्ही रसवंतीपाशी स्कूटर थांबवली. तिने बिनबर्फाचा रस मागितला. मी ग्लास धरून उभा होतो आणि माझी मान एका बाजूला कलली होती, ती सरळ होत नव्हती. ती सावकाश एकेक घोट घेत होती. मला वाटलं, तृप्त झालीय. माझाही त्यात थोडा वाटा होता, त्यामुळे जरा ऐटीतच मी विचारलं, "झालं ना मनासारखं?"

तिने रस संपवला, ग्लास फळीवर ठेवला.

"उगाच बघितलं हो," ती म्हणाली. "इतकी वर्षं नुसतं आठवत होतं, ते बरं होतं. आता परत बघावंसं वाटतंय."